यशवंत कीमनचा इंज्या

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो. छत्तीस वर्षं होटगीच्या आसपासच्या शाळांत मास्तरकी केली आणि तीही छडी घेऊन केली. आज पन्नाशीला आलेले बाप्येसुद्धा मला बघून विडी पाठीमागे लपवतात. तापट म्हणून माझा लौकिक आहे आणि तो खोटा नाही. त्यामुळे यशवंत कीमनबद्दल आणि त्यांच्या कुत्र्याबद्दल मी लिहायला बसलोय म्हटल्यावर आमच्या मथुराबाईंना नवल वाटलं. मथुराबाई म्हणजे माझी बायको. तिनं चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, "सगळं लिहिणार का?"

"सगळं," मी म्हटलं. ती पुन्हा गहू निवडायला लागली.

कीमन म्हणजे रेल्वेतला असा माणूस, ज्याच्याकडे कुणाचं कधी लक्ष जात नाही. गाडीच्या खिडकीतून रुळाकडेला एक जण उभा दिसतो. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या, एक लाल नि एक हिरवी. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी खाली धरून ठेवलेले असतात, त्या चाव्या कुठे सैल झाल्यात का ते बघत चालायचं, सैल असेल ती ठोकायची आणि पुढे जायचं. यशवंतरावांनी हे तेहतीस वर्षं केलं. सकाळी सहाला निघायचं, सहा किलोमीटर जायचं आणि दुसऱ्या बाजूचा रूळ बघत सहा किलोमीटर यायचं. आमच्या गावात घड्याळं नव्हती तेव्हा बायका त्यांना बघून चुली पेटवायच्या.

त्यांच्या घराच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. तिच्या खाली रेल्वेचं एक प्रशस्तिपत्र काचेत घालून लावलेलं होतं. एका जानेवारीत पहाटेच्या थंडीनं रूळ तडकला होता आणि समोरून पॅसेंजर येत होती. यशवंतराव लाल झेंडी हलवत गाडीच्या अंगावर धावत गेले होते. गाडी तडकलेल्या जागेच्या अलीकडे थांबली. मी एकदा विचारलं, "भीती नाही वाटली?"

"टाइमच न्हाय मिळाला, गुरुजी," ते म्हणाले. "हात आपसूक वर जातो. इचार करत बसलं तर गाडी निघून जाती की."

माणूस असा होता. उंच, काटकुळा, आवाज इतका हळू की समोरच्यानं दोनदा "काय?" म्हणावं. रिटायर झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांची बायको मनकर्णा गेली. पाठोपाठ गुडघे गेले. मुलगी धम्मप्रिया सोलापुरात नर्स आहे. माझीच विद्यार्थिनी, हुशार, आणि माझ्यासमोर न घाबरता बोलणारी एकटीच. जावई दिपक आणि ती भवानी पेठेत राहतात. ती दर रविवारी यायची आणि दर रविवारी तेच म्हणायची, "अण्णा, चला आता माझ्याकडं." आणि दर रविवारी हे म्हणायचे, "गाडीचा आवाज आला न्हाय की मला झोप लागत न्हाय, बाळ."

खरी गोष्ट वेगळी होती. ती मला माझ्या गच्चीवरून दिसायची. आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत, मध्ये एक बोळ. पुढे माळ आणि माळाच्या पलीकडे रेल्वेची लाइन. सकाळी सहाला हा माणूस पायात बूट घालून अंगणात येऊन उभा राहायचा. जायचं तर कुठेच नसायचं. थोडा वेळ उभा राहून बूट काढायचा आणि आत जायचा. मी छडीचा माणूस, पण ते बघवायचं नाही.

तर अशा वेळी ते मंद्रूपच्या बाजाराला गेले, शेळी आणायला, आणि पिल्लू घेऊन आले.

पिल्लू कारवानी होतं. लांब पायांचं, कंबरेत चिंचोळं, सशामागे सोडायचं कुत्रं. मंद्रूपचे चनबसप्पा म्हणून द्राक्षबागाईतदार आहेत, त्यांच्या कुत्रीच्या वेतातलं. आमच्या भागात एक पद्धत आहे, ती सांगायला लाज वाटते पण आहे. राखणीचं कुत्रं तिखट व्हावं म्हणून लहानपणीच त्याचे कान कापतात. दिवसभर त्याला अंधारात साखळीला ठेवायचं आणि दिवस मावळल्यावर बागेत सोडायचं. माणूस दिसला की फाडून खातं. चनबसप्पा बाजारात गाडीच्या फळीवर पिल्लू धरून बसले होते आणि त्यांचा गडी ब्लेड पुसत होता. यशवंतराव शेळ्यांकडे निघाले होते. त्यांनी ते बघितलं आणि जाऊन पिल्लू उचललं.

"न्या की," चनबसप्पा हसून म्हणाले. "पण हे सगळ्या वेतात आगाऊ हाय. आईलाच चावतंय. दमलात की परत आणा, मी करतो तिखट."

यशवंतरावांनी पिल्लाचं नाव ठेवलं इंज्या. इंजनावरून. नाव बरोबरच होतं, कारण ते पिल्लू थांबतच नसे.

पहिल्या आठवड्यात त्यानं चार चपला, बाजेची सुंभं, धम्मप्रियाचा ड्यूटीचा बूट आणि माझ्या वाळत घातलेल्या धोतराचा सोगा एवढं फस्त केलं. दोरीला बांधलं तर दोरी कुरतडायचं. साखळी लावली तर साखळीला लोंबकळून असा आक्रोश करायचं की माझी पोथी बाजूला राहायची. जेवणाच्या ताटलीवर दोन पाय ठेवून उभं राहायचं आणि जवळ जाईल त्याच्यावर गुरगुरायचं. खायला घालणाऱ्याच्या हातालाही चावायचं. यशवंतरावांचे दोन्ही हात मनगटापर्यंत ओरखड्यांनी भरलेले असायचे, नव्या गवंड्यासारखे.

गावानं सल्ले दिले. गाव त्यासाठीच असतं. कुणी म्हणालं, मिरचीची धुरी द्या. कुणी म्हणालं, गुराला अडकवतात तसं गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवा. मी म्हटलं, "यशवंतराव, एक छडी. एकच, पण बेतानं बसली पाहिजे. जन्मात विसरणार नाही."

ते हसले. "रूळ तापला की आमी त्याला हात लावत न्हाय, गुरुजी. दुपारी तापल्या रुळाच्या चाव्या काढाया गेलं की त्यो साप वळावा तसा वळतो, मंग कुणाच्या बापाला सरळ हुत न्हाय. गार हू द्यायचा. मंग हातोडा."

आणि खरोखर ते तसंच करायचे. पिल्लू चावायला आलं की हा माणूस ओरडायचा नाही, हात झटकायचा नाही. पाठ फिरवून खांबासारखा उभा राहायचा. पिल्लू उड्या मारून, पायजमा ओढून, भुंकून दमलं की हळूच खाली वाकून एक भाकरीचा तुकडा. पुन्हा चावलं की पुन्हा पाठ. दिवसातून चाळीस वेळा, पन्नास वेळा. मला गच्चीवर बसून राग यायचा. एवढ्या वेळात मी चौथीच्या वर्गाला त्रैराशिक शिकवलं असतं.

मग जानेवारीत ते झालं.

पिंकी माझी नात. आठ वर्षांची, चालणं माहीत नसलेली, कायम पळणारी. शाळेतून बोळातून पळत आली. यशवंतरावांचं फाटक उघडं राहिलं होतं. पळणारं काहीही दिसलं की त्या जातीच्या रक्तातच मागे सुटणं असतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की माझ्या नातीच्या पोटरीत चार दात रुतलेत आणि पांढऱ्या मोज्यातून रक्त येतंय. सोलापूरला नेऊन इंजेक्शनं सुरू केली. पोरगी सुईला नाही रडली, पण परत येताना बोळाच्या तोंडाशी आल्यावर रडायला लागली आणि मला चिकटली.

मी तसाच यशवंतरावांच्या अंगणात गेलो. मी गेलो तसे ते उठून उभे राहिले. मी त्यांच्या बाजेवर बसलो. ते स्वतःच्या अंगणात उभे आणि मी बसलेला. तीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी काय काय बोललो ते सगळं लिहीन म्हटलं होतं, पण एक वाक्य लिहवत नाही. एवढंच सांगतो की त्यात कुत्र्याबरोबर त्यांच्या वस्तीचाही उद्धार होता. धम्मप्रिया दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की ते वाक्य तोंडातून गेलं.

यशवंतराव म्हणाले, "चूक माझी हाय, गुरुजी. फाटक मीच लावलं न्हवतं. पोरीचं कसं हाय?"

"पोरीचं सोडा. हे कुत्रं गावात राहणार नाही. मी सह्या गोळा करून पंचायतीत देतो."

मग धम्मप्रियाच बोलली. "गुरुजी, तुम्ही सह्या गोळा करू नका. मी चनबसप्पांना फोन करते. ते घेऊन जातील."

पहिल्यांदाच मी यशवंतरावांचा आवाज मोठा झालेला ऐकला. "कान कापत्याल ते! काळोखात ठिवत्याल त्याला. आजून लेकरू हाय, सहा म्हयन्याचं बी न्हाय. गुरुजी, मला होळीपतूर टाइम द्या. होळीपतूर ते ऐकाया शिकलं न्हाय तर मी सोता मंद्रूपला नेऊन सोडतो."

मी होळीपर्यंत मुदत दिली. उपकार केल्यासारखी दिली. परीक्षा मीच घेणार, हेही तिथेच ठरवून टाकलं. मास्तर ना मी.

त्यानंतरचे दोन महिने त्या माणसानं जे केलं ते मी गच्चीवरून बघितलं. आधी चोरून बघायचो, मग खुर्ची टाकून.

पहिली गोष्ट म्हणजे चालणं. गुडघ्यांना पट्टे बांधून सकाळी सहाला ते निघायला लागले, कमरेला दोरी आणि दोरीला इंज्या. पहिल्या दिवशी माळाच्या कडेपर्यंत गेले आणि परत येताना दोनदा धोंड्यावर बसले. आठ दिवसांनी ओढ्यापर्यंत. फेब्रुवारीत पार दर्ग्यापर्यंत जाऊन यायला लागले. "त्येच्या पायात पळणं साठतंय, गुरुजी," ते मला फाटकाबाहेरून म्हणाले. "ते पायातनं न्हाय निघालं की दातातनं निघतंय." चालून आल्यावरच भाकरी. भाकरी ताटलीत नाही, हातातून. बसल्याशिवाय नाही. पिल्लू दमून यायचं आणि मग त्याला ऐकू यायला लागायचं. त्याच्यापेक्षा हेच जास्त दमून यायचे, पण चेहऱ्यावर रंग आला होता. सहा वाजता बूट घालून उभं राहायला आता कारण मिळालं होतं.

अडचण आवाजाची होती. यशवंतरावांच्या हळू आवाजाला ते पिल्लू जुमानत नसे. पण त्याची नजर विलक्षण होती, माळाच्या टोकावरचा सरडा त्याला दिसायचा. तेव्हा यशवंतरावांनी ट्रंकेतून जुन्या झेंड्या काढल्या.

रविवारी धम्मप्रिया आली तेव्हा हसून हसून बेजार झाली. "अण्णा, कुत्र्याला लाल-हिरवं कळत नसतंय. आमच्या डॉक्टरांना विचारा."

"रंग न्हाय, त्येला हात कळतोय," ते म्हणाले.

आणि तसंच होतं. हिरवी झेंडी बाजूला हात लांब करून स्थिर धरायची, म्हणजे ये. लाल अंगासमोरून जोरजोरात डावीउजवीकडे हलवायची, म्हणजे असशील तिथं थांब, बस, हलू नकोस. रेल्वेत गाडीला दाखवतात अगदी तशाच. यशवंतरावांना दुसरी कुठली भाषाच येत नव्हती, म्हणून त्यांनी त्याला तीच शिकवली. हिरवी तो आठ दिवसांत शिकला, कारण हिरवीच्या टोकाला भाकरी होती. लाल शिकायला दीड महिना लागला. पळत्या पिल्लानं मध्येच थांबायचं, हे त्याच्या जातीलाच मान्य नव्हतं. लांब दोरी बांधून, लाल हलवून, दोरी ताणून, पुन्हा लाल हलवून, न चिडता. एके दिवशी मी बघत असताना इंज्या कावळ्यामागे सुटला होता. लाल हलली आणि तो थांबला. अंग थरथरत होतं, जीभ बाहेर, पण बसला. यशवंतराव त्याच्याकडे लंगडत गेले आणि त्याच्या डोक्यावर कपाळ टेकवून उभे राहिले. मी गच्चीवरून खाली उतरलो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

आणखी एक सांगतो. एका दुपारी पिंकी घरात दिसेना. शोधत बोळात गेलो तर ही बया त्यांच्या फाटकाच्या आत. यशवंतराव बाजूला उभे, इंज्या समोर बसलेला, आणि पिंकीच्या तळहातावर भाकरीचा तुकडा. इंज्यानं तुकडा इतका जपून उचलला की तिला दात लागलेसुद्धा नाहीत. मग त्यानं तिची पोटरी हुंगली, जिथं व्रण होता तिथं. मी ओरडणार होतो. नाही ओरडलो. तसाच मागे फिरलो.

म्हणजे मला कळलं होतं. परीक्षेआधीच पिल्लू पास झालं होतं, आणि हे मला माहीत होतं. त्या दिवशी जाऊन "यशवंतराव, झालं, राहू द्या पिल्लू" एवढं म्हणायला काय हरकत होती? पण मुदत मी दिली होती, परीक्षा मी लावली होती. शब्द मागे घ्यायची सवय मला कधीच नव्हती.

होळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी माळावर गेलो. यशवंतरावांनी धुतलेला सदरा घातला होता, जणू साहेब इन्स्पेक्शनला येणार होता. धम्मप्रिया रजा काढून आली होती. माळाच्या एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला तीनशे पावलांवर लाइन. तारेचं कुंपण आहे, पण लोकांनी जायला यायला ठिकठिकाणी मोडलेलं.

इंज्यानं लांब दोरीवर सगळं करून दाखवलं. हिरवी, आला. लाल, बसला. तीनदा, चारदा. मी हाताची घडी घालून बघत होतो आणि शेवटी म्हटलं, "दोरीवर काय, कुणीही बसेल. दोरीशिवाय दाखवा."

यशवंतरावांनी वाकून दोरीची गाठ चाचपली. मग म्हणाले, "गुरुजी, माळावर दोरी आजून सोडली न्हाय त्येची. म्हयनाभर द्या, मंग सोडतो."

"मग नाही येत म्हणा. उद्या मंद्रूपला नेऊन सोडायचं ठरलंय ना?"

धम्मप्रिया म्हणाली, "गुरुजी..." पण यशवंतरावांनी हातानंच तिला थांबवलं. त्यांनी लाइनीकडे बघितलं, मग आभाळाकडे. "बरं. पण सव्वापाचची गाडी जाऊ द्या आदी. गाडी जायच्या आदी मी त्येला सोडत न्हाय."

आम्ही थांबलो. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. गाडी आली नाही. पिंकीची शिकवणी सहाला होती आणि तिला मलाच सोडायला जायचं होतं. मी दोनदा घड्याळ बघितलं. मग म्हटलं, "अहो, ती गाडी कधी वेळेवर येते? रात्रीपर्यंत इथंच उभं राहायचं का? उरका."

तेहतीस वर्षं गाड्या जाऊ दिल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस. पण समोर गुरुजी होते आणि गुरुजी घड्याळ बघत होते. त्यांनी वाकून दोरी सोडली.

दोरीशिवायही इंज्या हिरवीला आला. दोरीशिवायही लालला बसला, चाळीस पावलांवर, दगडासारखा. धम्मप्रियानं टाळ्या वाजवल्या. मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ सांगतो, "पास" म्हणायलाच उघडलं होतं.

तेवढ्यात गवतातून ससा उठला.

मी कधी काही इतकं वेगानं जाताना बघितलेलं नाही. ससा लाइनीकडे, त्याच्यामागे इंज्या. कुंपणाच्या मोडक्या जागेतून ससा गेला, हाही गेला. खडी उडाली. ससा रूळ ओलांडून पलीकडच्या झुडपात दिसेनासा झाला आणि इंज्या दोन रुळांच्या मध्ये, इकडेतिकडे बघत. आणि होटगीच्या बाजूनं भोंगा वाजला. आता विजेवरच्या गाड्या, धूर नाही, खडखड नाही, वळणावरून येते ती एकदम समोर येते.

यशवंतराव त्या गुडघ्यांवर पळायला लागले होते. "इंज्या!" एवढ्या मोठ्यानं ते जन्मात ओरडले नसतील. इंज्यानं वळून बघितलं. त्याला मालक दिसला. एका हातात लाल, एका हातात हिरवी.

यशवंतरावांनी गाडीकडे बघितलं आणि लाल झेंडी वर नेऊन जिवाच्या आकांतानं हलवायला सुरुवात केली. डावीउजवीकडे, डावीउजवीकडे. गाडी थांबवायला. तेहतीस वर्षं गाडी त्यांना बघून थांबत आली होती.

ड्रायव्हरनं ब्रेक मारले, ते आम्ही ऐकले. लोखंड लोखंडावर किंचाळत होतं. पण एवढ्या वेगातली गाडी एवढ्याशा अंतरात थांबत नाही.

इंज्यानं लाल बघितली आणि तो बसला. दोन रुळांच्या मध्ये, पाय नीट जुळवून, मान वर करून, मालकाकडे बघत. गाडी मागून येत होती, तिचा आवाज त्याला येत असणार, कान हलत होते. पण तो हलला नाही. लाल हलत होती तोवर हलायचं नाही, असं त्याला शिकवलं होतं.

पुढचं लिहीत नाही.

गाडी बऱ्याच लांब जाऊन थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून वाकून बघितलं, फोनवर काहीतरी बोलला, आणि थोड्या वेळानं गाडी गेली. यशवंतराव रुळाजवळ उभे होते. धम्मप्रियानं तिची ओढणी काढून दिली, त्यात त्यांनी त्याला गोळा केलं. रडले नाहीत. सवयीनं त्यांनी जाता जाता तिथली एक चावी बुटाच्या टोकानं दाबून बघितली, ती घट्ट होती.

माझ्याजवळ आले तेव्हा मला वाटलं, आता बोलतील. मी तयार होतो. काहीही बोलले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. पण ते म्हणाले, "गुरुजी, बसला की त्यो. बघितलं न्हवं? दोरी न्हवती."

"बघितलं," मी म्हटलं.

"मंग पास झाला का न्हाय?"

मी छत्तीस वर्षांत हजारो पोरांना पास-नापास केलं. "पास," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि ओढणीतलं ओझं सावरत घराकडे गेले. अंगणात लिंबाखाली खड्डा मी खणू लागलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून कुदळ काढून घेतली नाही. बस, एवढंच त्यांनी मला करू दिलं.

त्या महिन्यातच ते धम्मप्रियाकडे भवानी पेठेत राहायला गेले. तिथे गाडीचा आवाज येत नाही. परवा धीर करून मी भेटायला गेलो. पिंकीही आली होती. यशवंतराव खुर्चीत बसले होते, पायात बूट नव्हते, सपाता होत्या. मला बघून ते उठायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बसा. तुम्ही बसा." आणि मी उभा राहिलो. खोलीत दुसरी खुर्ची होती तरी उभा राहिलो.

बरीच इकडची तिकडची बोलणी झाली. धम्मप्रियानं चहा आणला. मला त्यांची माफी मागायची होती. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. घड्याळाचं वाक्य, दोरीचं वाक्य, आणि त्या जानेवारीतलं वाक्य. मी म्हटलं, "यशवंतराव, त्या दिवशी मी घाई केली. चूक माझी होती."

त्यांनी मला ते पुरं बोलूच दिलं नाही. मान हलवली, आणि स्वतःच्या मोकळ्या तळहातांकडे बघितलं. ओरखड्यांच्या खुणा पार गेल्या होत्या.

"न्हाय, गुरुजी," ते हळू म्हणाले. "हिरवी दुसऱ्या हातातच हुती की."